पर्यावरण अहवालाचे बिल कोणाच्या नावावर फाडायचे? (किस्टोन एक्सएल आणि नेब्रास्का)

प्लॅटकाठचा (धागाकर्ता)

अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या विधिमंडळाने नोव्हेंबर २०११ मध्ये, खास तेलवाहिनीच्या प्रश्नासाठी बोलावलेल्या अधिवेशनात, दोन विधेयके एकही विरोधी मत न पडता मंजूर केली. त्यांतल्या 'एलबी ४' या विधेयकाने ठरवले की, कॅनडातून येऊ घातलेल्या किस्टोन एक्सएल तेलवाहिनीच्या राज्यातील मार्गाचा पर्यावरणीय अभ्यास राज्याने करावा आणि त्याचा सुमारे २० लाख डॉलरचा खर्च राज्याच्या तिजोरीतून व्हावा. पुढे पाचच महिन्यांनी, एप्रिल २०१२ मध्ये, त्याच सभागृहाने 'एलबी ११६१' मंजूर केले आणि हा खर्च कंपनीकडून वसूल करण्याची तरतूद केली. आधी "आम्ही भरतो" आणि मग "तुम्ही भरा" असा हा प्रवास आहे. मी तेव्हापासून राज्याच्या राजधानीत, लिंकनमध्ये राहतो, आणि या दोन कायद्यांमधल्या पाच महिन्यांत जे घडले ते मला आजही त्या प्रकल्पाच्या इतर सगळ्या गदारोळापेक्षा अधिक बोधप्रद वाटते. म्हणून हा धागा काढत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात देतो. ट्रान्सकॅनडा (आताची टीसी एनर्जी) या कंपनीने सप्टेंबर २००८ मध्ये अर्ज केला. पुढे ठरलेल्या स्वरूपात, कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातील हार्डिस्टीपासून नेब्रास्कातील स्टील सिटीपर्यंत सुमारे १,९०० किलोमीटर लांबीची आणि दिवसाला ८ लाख ३० हजार पिंपे तेल वाहून नेणारी ही वाहिनी होती. ती आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडत असल्यामुळे अध्यक्षीय परवाना लागत होता, आणि त्या परवान्याचे काम परराष्ट्र विभागाकडे होते. ज्या विभागाचे रोजचे काम राजदूत, तह आणि व्हिसा हे आहे, त्याच्या गळ्यात भूजल, गवताळ कुरणे आणि सारस पक्षी यांचा अभ्यास येऊन पडला. पर्यावरण अहवालाचा पहिला मसुदा एप्रिल २०१० मध्ये आला. त्यावर जुलैमध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे केंद्र सरकारच्याच दुसऱ्या शाखेने, "माहिती अपुरी" असा सर्वांत खालचा शेरा मारला. त्याच महिन्यात मिशिगनमध्ये दुसऱ्या एका कंपनीची वाहिनी फुटून कॅलामझू नदीत आठ लाखांहून अधिक गॅलन तेल गेले होते, त्यामुळे तो शेरा कोणाला दुर्लक्षून चालणार नव्हते. पुरवणी मसुदा काढावा लागला, आणि अंतिम अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये आला. तरीही मूळ मार्ग नेब्रास्कातील सँडहिल्स या टेकड्यांमधून जात होता, तो तसाच राहिला.

सँडहिल्स ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. दुरून त्या हिरव्या टेकड्याच वाटतात, पण बुटाच्या टाचेने गवताचा एक गड्डा उपटला की खाली निव्वळ वाळू असते. एकदा गवताचे आवरण फाटले की वारा ती वाळू उकरत जातो आणि टेकडीच्या अंगावर खड्डा वाढत जातो. पशुपालक त्या खड्ड्यांत जुने टायर टाकून वाळू थोपवतात. टेकड्यांच्या मधल्या सखल कुरणांत पाणी इतके वर असते की काही ठिकाणी फावड्याने खणले तरी लागते, आणि हेच पाणी खाली ओगलाला जलधरात, म्हणजे जमिनीखालच्या विस्तीर्ण जलसाठ्यात जाते. अशा ठिकाणी चर खणून तीन फूट व्यासाची नळी पुरायची म्हटल्यावर, एरवी तेलाच्या विरोधात ब्र न काढणारे रिपब्लिकन पशुपालकही उठून उभे राहिले. अखेर नोव्हेंबर २०११ मध्ये कंपनीने मार्ग वळवण्याचे कबूल केले आणि त्या तडजोडीचा भाग म्हणून नव्या मार्गाच्या अभ्यासाचा खर्च राज्याने उचलला. कंपनीच्या पैशाने झालेल्या अभ्यासावर इथल्या लोकांचा विश्वास बसणार नाही, हा त्यामागचा सरळ विचार होता.

मग जानेवारी २०१२ मध्ये ओबामांनी परवाना नाकारला, राज्याच्या अभ्यासाला जोडीला असलेली केंद्राची प्रक्रियाच उरली नाही आणि 'एलबी ११६१' आले. अभ्यास चालू ठेवावा, पण पैसे कंपनीने परत करावेत, असे ठरले. माझा प्रश्न असा आहे की, या बदलात राज्याने २० लाख वाचवले की काही गमावले?

खतावणी

प्लॅटकाठचा, लेख आवडला, पण सेवानिवृत्त लेखाधिकारी या नात्याने मला तुमचा प्रश्नच थोडा चुकीचा मांडलेला वाटतो. पैसे कोणाचे आहेत याला हिशेबात दुय्यम महत्त्व असते. देयक कोण तपासतो आणि धनादेशावर सही कोण करतो, हे पहिले पाहायचे.

आपल्याकडे बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांत 'ठेव अंशदान' कामे असतात. ज्या संस्थेला काम करून हवे आहे ती पैसे आधी शासनाकडे जमा करते. त्यानंतर निविदा शासन काढते, ठेकेदार शासन नेमते, मोजमाप पुस्तिका शासनाचा अभियंता लिहितो आणि देयकही शासनच पारित करते. पैसे भरणाऱ्याला ठेकेदाराला परस्पर दूरध्वनी करून "जरा लवकर आटपा" असे म्हणण्याची सोय नसते (निदान कागदोपत्री तरी नसते). या पद्धतीत पैसा खासगी असला तरी काम शासकीय राहते. नेब्रास्काच्या दुसऱ्या कायद्यात नेमके असेच घडले असेल तर राज्याने काही गमावले असे मी म्हणणार नाही.

एक शंका मात्र आहे. पैसे आधी जमा करून घेणे आणि काम झाल्यावर प्रतिपूर्ती मागणे यांत फार फरक आहे. नंतर मागायचे म्हटले की देणारा प्रत्येक ओळीवर बोट ठेवतो, आणि हे माहीत असलेला अधिकारी ती ओळ लिहितानाच हात आखडता घेतो.

सायली_ह्यूस्टन

मी पर्यावरण सल्लागार कंपनीत वनस्पती-सर्वेक्षणाचे काम करते, तेव्हा नाण्याची ही बाजू रोज पाहते. केंद्राच्या पातळीवर किस्टोनसाठी जी पद्धत वापरली ती 'तृतीय पक्ष करार' या नावाने ओळखली जाते. सल्लागार शासनाच्या सूचनेनुसार काम करतो, मसुदे शासनाला सादर करतो, पण त्याचे पैसे अर्जदार कंपनी देते. इथे खतावणींच्या मोजमाप पुस्तिकेसारखे मध्ये कोणी नसते. आम्ही पाव पाव तासाचा हिशेब भरतो, प्रत्येक कामाला संकेतांक असतो, आणि महिन्याच्या शेवटी बिल जाते ते ज्याच्या प्रकल्पाची चिकित्सा करायची त्याच्याच पत्त्यावर. माझ्या अनुभवात कोणी आम्हाला निष्कर्ष बदला असे सांगितलेले नाही. दबाव येतो तो फार सभ्यपणे येतो. "हे दुसरे सर्वेक्षण मूळ कामाच्या व्याप्तीत बसते का?" असा प्रश्न येतो, आणि एक वसंत ऋतू निघून गेला की त्या फुलाचे सर्वेक्षण पुढच्या वर्षापर्यंत होत नाही.

किस्टोनच्या पहिल्या अहवालाचे काम कार्डनो एन्ट्रिक्सकडे होते, आणि त्या कंपनीने आपल्या जाहिरात-मजकुरात ट्रान्सकॅनडाचा उल्लेख 'प्रमुख ग्राहक' असा केला होता. ही गोष्ट ऑक्टोबर २०११ मध्ये वर्तमानपत्रांत आली. परराष्ट्र विभागाच्या महानिरीक्षकांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये चौकशीचा अहवाल दिला. गैरप्रभाव आढळला नाही, पण विभागाकडे या विषयाचे अनुभवी मनुष्यबळ तोकडे आहे आणि सल्लागार निवडण्याची पद्धत सुधारली पाहिजे, असा त्याचा सूर होता. परवाना नाकारल्यावर पुन्हा अर्ज झाला, त्या दुसऱ्या फेरीत ईआरएम ही कंपनी नेमली, आणि तिच्याबाबतही तसाच वाद झाला, पुन्हा महानिरीक्षक, पुन्हा अहवाल.

त्या चौकश्यांचा खर्च कोणत्या लेखाशीर्षात गेला असेल? अहवाल कंपनीच्या पैशाने आणि अहवालावरच्या संशयाची चौकशी मात्र करदात्यांच्या पैशाने झाली.

मुळशीचा_वारा

आपण सगळे एका बाजूला झुकून बोलत आहोत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. २००८ मध्ये अर्ज झाला. २०१२ मध्ये नकार, पुन्हा अर्ज, जानेवारी २०१४ मध्ये अकरा खंडांचा पुरवणी अहवाल, नोव्हेंबर २०१५ मध्ये पुन्हा नकार, मार्च २०१७ मध्ये परवाना, नोव्हेंबर २०१८ मध्ये मोंटानातील संघीय न्यायालयाचा "आणखी अभ्यास करा" असा आदेश, २०१९ मध्ये नवा परवाना आणि नवा पुरवणी अहवाल, आणि २० जानेवारी २०२१ रोजी बायडन यांनी एका सहीने सगळे रद्द केले. बारा वर्षे अभ्यास करून निर्णय जर निवडणुकीनेच होणार असेल, तर त्या अभ्यासावर कोणाचाही एक डॉलर का खर्च व्हावा?

२०१४ च्या अहवालाचा निष्कर्षही लक्षात घ्या. ही वाहिनी झाली नाही तरी तेलवाळूतून तेल काढणे त्यामुळे फारसे बदलणार नाही, असे त्यात म्हटले होते. ज्यांना तो निष्कर्ष नको होता त्यांनी "सल्लागार विकला गेला" म्हटले. निष्कर्ष उलटा आला असता तर कंपनीधार्जिण्यांनी "शासन विकले गेले" म्हटले असते. बिल कोणीही भरले तरी शिव्या ठरलेल्या आहेत.

खतावणी

मुळशीचा_वारा, तुमचा त्रागा समजतो, पण एक डॉलर का खर्च व्हावा याआधी किती डॉलर खर्च होतात हे तरी कोणाला माहीत आहे का? अमेरिकेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने (गाओ) २०१४ मध्ये हाच प्रश्न घेतला होता. बहुतेक संघीय खाती या अभ्यासांचा खर्च वेगळा ठेवतच नाहीत, असे त्यांना आढळले. अपवाद ऊर्जा विभागाचा, आणि त्यानेही फक्त सल्लागारांना दिलेल्या रकमा नोंदल्या होत्या. २००३ ते २०१२ या काळात त्यांच्या पूर्ण पर्यावरणीय आघात अहवालांचा मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यास मधोमध येणारा) खर्च १४ लाख डॉलर होता, आणि सरासरी ६६ लाख. सर्वांत स्वस्त अहवाल ६० हजारांत झाला होता, आणि सर्वांत महाग ८.५ कोटींना. मध्यक आणि सरासरी यांत इतके अंतर असले की लेखापालाने लगेच ओळखावे की दोन-चार हत्तींनी सगळा कळप जड केला आहे.

शासकीय कर्मचाऱ्यांच्या पगाराचा भाग यात नाही. तो का मिळत नाही हे मी माझ्या नोकरीवरून सांगू शकतो. कारकुनाचा दिवस चार फायलींत वाटला गेलेला असतो, आणि पगारपत्रकात तो एकाच शीर्षाखाली पडतो. त्याने दुपारी दोन तास कोणत्या प्रकल्पाची हरकतपत्रे वाचली हे लिहायला रकानाच नसतो. रकाना नाही म्हणून खर्च दिसत नाही, आणि खर्च दिसत नाही म्हणून एक पक्ष म्हणतो तो अवाढव्य आहे आणि दुसरा म्हणतो तो नगण्य आहे. दोघांनाही खोडून काढता येत नाही.

कायद्याचे_बोला

अमेरिकेतला हा वाद न्यायालयांत आणि कायद्यांत बराच जुना आहे. मूळ तर्क दोन आहेत. पहिला असा की, प्रकल्प ज्याचा, लाभ ज्याचा, त्यानेच परीक्षेचे शुल्क भरावे. दुसरा असा की, पर्यावरण अहवाल हा अर्जदारासाठी नसतोच. तो जनतेला माहिती मिळावी म्हणून असतो, तेव्हा जनतेच्या लाभाचे बिल अर्जदाराला का लावावे? १९७६ च्या संघीय भूव्यवस्थापन कायद्याने मधला मार्ग काढला. सरकारी जमिनीवर वीजवाहिनी वगैरे टाकायची असेल तर अर्जदाराकडून 'वाजवी' खर्च घ्यावा, आणि तो ठरवताना खर्चाचा कोणता भाग सार्वजनिक हितासाठी झाला हेही पाहावे, असे त्यात लिहिले आहे. तेल आणि वायूच्या वाहिन्यांना मात्र ही सवलत नाही. त्यांना १९७३ मध्ये सुधारलेला खनिज भाडेपट्टा कायदा लागू होतो, आणि त्यात अर्ज हाताळण्याचा प्रशासकीय व इतर खर्च अर्जदाराने सरकारला भरून द्यावा, असे सरळ म्हटले आहे.

ही १९७३ ची सुधारणा अलास्काच्या आरपार जाणाऱ्या वाहिनीच्या वादातून जन्मली, आणि त्याच कायद्यात संसदेने त्या वाहिनीपुरते "पर्यावरणीय अभ्यास पुरेसा झाला आहे" असे जाहीर करून न्यायालयीन प्रश्न निकालात काढला. एका हाताने अभ्यासाचे बिल कंपनीवर लावले आणि दुसऱ्या हाताने अभ्यासाला न्यायालयात आव्हान देण्याचा दरवाजा बंद केला. मला ही सौदेबाजी नेहमीच लक्षणीय वाटत आली आहे.

किस्टोनची अडचण अशी की, तिचा मार्ग बहुतांशी खासगी जमिनींतून होता. मोंटानातील सरकारी जमिनीचे थोडे तुकडे सोडले तर हा कायदा लागू होत नव्हता, आणि परराष्ट्र विभागाचा परवाना अध्यक्षीय आदेशावर उभा होता. सायलीताईंनी सांगितलेल्या तृतीय पक्ष कराराचा आधार घेतला गेला तो या पोकळीत.

आता प्लॅटकाठचा यांनी विचारलेल्या "राज्याने काय गमावले" या प्रश्नाचे एक अनपेक्षित उत्तर देतो. 'एलबी ११६१' ला जमीनमालकांनी न्यायालयात आव्हान दिले. कोणत्या तरतुदीला? मार्ग मंजूर करण्याचा आणि पर्यायाने सक्तीच्या भूसंपादनाचा अधिकार राज्यपालांना देण्याला. पण ते न्यायालयात उभे राहिले ते करदाते म्हणून, म्हणजे घटनाबाह्य कामासाठी आमचा कराचा पैसा वापरला जात आहे, या नात्याने. आता विचार करा, खर्चाची पूर्ण प्रतिपूर्ती कंपनीच करणार असेल तर करदात्याचे नुकसान ते काय, आणि त्याला दाव्याचा अधिकार उरतो कसा? जिल्हा न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये कायदा रद्द ठरवला. ९ जानेवारी २०१५ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात सातपैकी चार न्यायमूर्तींनी, हा मोठ्या सार्वजनिक महत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून, दाव्याचा अधिकार मान्य केला आणि कायदा घटनाबाह्य असल्याचे मत दिले. उरलेल्या तिघांनी दावा करण्याचा अधिकारच नाही असे म्हणून मूळ प्रश्नाला हात लावला नाही. नेब्रास्काच्या घटनेप्रमाणे कायदा रद्द करायला पाच न्यायमूर्ती लागतात. चार विरुद्ध शून्य असे मत पडूनही कायदा टिकला!

बिल कंपनीच्या नावावर गेले की तिजोरी वाचते, पण नागरिकाच्या हातातले न्यायालयाचे तिकीटही त्याबरोबर पातळ होते. २० लाखांच्या बदल्यात हे गेले, असे मी म्हणेन.

प्लॅटकाठचा (धागाकर्ता)

कायद्याचे_बोला, या बाजूने मी कधीच विचार केला नव्हता. चार-शून्याचा तो निकाल लागला त्या दिवशी इथल्या कार्यालयातही कोणाला पटकन उमगले नव्हते की नक्की जिंकले कोण.

खतावणींच्या शंकेबद्दल सांगायचे तर, राज्याची व्यवस्था तुमच्या ठेव अंशदानाच्या बरीच जवळची होती. ओमाहाच्या एचडीआर या अभियांत्रिकी कंपनीला राज्याच्या पर्यावरण विभागाने नेमले, अहवाल विभागाने आपल्या नावाने जानेवारी २०१३ मध्ये राज्यपाल हाइनमन यांना सादर केला, आणि कंपनीने प्रतिपूर्ती करायची होती ती राज्याला. या बाबतीत माझे छोटे राज्य वॉशिंग्टनपेक्षा शहाणे ठरले, असे मी अभिमानाने नोंदवतो. मात्र प्रतिपूर्ती नंतरची होती. ठेव आधीची नव्हती.

राजापूरची_माहेरवाशीण

वाचताना सारखे मनात येत होते की, आपल्याकडे हा वाद या पायरीपर्यंत पोहोचलेलाच नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रकल्पकर्ता स्वतः सल्लागार निवडतो, स्वतः नेमतो, स्वतः पैसे देतो, आणि तयार अहवाल घेऊन शासनाकडे जातो. सल्लागाराला अधिस्वीकृती लागते, जनसुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते आणि तज्ज्ञ समिती तो अहवाल पाहते, पण लेखणी पहिल्यापासून प्रकल्पकर्त्याच्या माणसाच्या हातात असते. तुमच्याकडे "शासनाच्या सूचनेने, कंपनीच्या पैशाने" यावर वाद झाला. आमच्याकडे सूचना आणि पैसा दोन्ही एकाच खिशातले आहेत. शिवाय तेल-वायूच्या वाहिन्यांना ही अधिसूचना लागते तीच मुळी राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये, प्रवाळ क्षेत्रे किंवा संवेदनशील क्षेत्रांतून जात असतील तर. एरवी शेतातून जाणाऱ्या वाहिनीला या अधिसूचनेखाली अहवालच लागत नाही.

याचा परिणाम काय होतो ते आमच्या रत्नागिरी जिल्ह्याने पाहिले आहे. एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातील खाणीच्या अहवालाचा मजकूर उचललेला सापडला होता. कोकणातल्या सड्यावरच्या झाडांच्या जागी रशियातली झाडे, आणि हे पकडले ते वाचणाऱ्या नागरिकांनी, फुकटात.

मुळशीचा_वारा

माहेरवाशीण, हा मुद्दा मान्य आहे. नक्कल करून झालेला अहवाल स्वस्त असतो, आणि मी स्वस्ताईची बाजू घेत होतो, तेव्हा हे माझ्याच अंगावर येते.

तरीही वेळेचा खर्च खराच आहे. व्हाइट हाउसच्या पर्यावरण गुणवत्ता परिषदेच्या पाहणीत पूर्ण आघात अहवालाला सरासरी साडेचार वर्षे लागत होती आणि अंतिम अहवाल सरासरी ६०० हून अधिक पानांचा होता. २०२३ मध्ये संसदेने दोन वर्षांची मुदत आणि १५० पानांची मर्यादा घातली, फार गुंतागुंतीचे असेल तर ३०० पानांची. निदान ही मर्यादा तरी योग्य आहे, असे मला वाटते.

सायली_ह्यूस्टन

पानांची मर्यादा परिशिष्टांना लागत नाही. आम्ही सगळे परिशिष्टांत हलवतो. अहवाल बारीक झाला आहे आणि त्याचे गाठोडे तेवढेच आहे.

लोकांच्या हरकतींचा खर्च मात्र कोणी धरत नाही. किस्टोनच्या दुसऱ्या फेरीत दहा लाखांहून अधिक हरकती आणि सूचना आल्या. एकाच मजकुराची पत्रे हजारोंनी असतात, ती संगणक एकत्र करतो. पण त्यात एखाद्याने छापील मजकुराखाली हाताने लिहिलेले असते, "माझ्या विहिरीची खोली चाळीस फूट आहे आणि तुमच्या नकाशात ती दाखवलेलीच नाही." अशा प्रकारची एक ओळ मी स्वतः दुसऱ्या एका प्रकल्पात तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी संध्याकाळी शोधली, आणि तिच्यामुळे एका तक्त्याची दुरुस्ती झाली. तासांच्या हिशेबात ती 'हरकतींचे वर्गीकरण, पाऊण तास' एवढीच आहे.

मिनेसोटावासी

स्वस्त अभ्यासाची किंमत पाहायची असेल तर आमच्या शेजारच्या नॉर्थ डकोटाकडे पाहा. डकोटा अॅक्सेस वाहिनीला लष्कराच्या अभियंता दलाने जुलै २०१६ मध्ये पूर्ण आघात अहवाल न करता छोट्या मूल्यांकनावर मंजुरी दिली. स्टँडिंग रॉकच्या सू या मूळनिवासी जमातीने विरोध केला, हजारो लोक महिनोन्महिने बर्फात तळ ठोकून राहिले. बंदोबस्ताचा ३.८ कोटी डॉलर खर्च संघ सरकारने द्यावा म्हणून नॉर्थ डकोटाने दावा लावला, आणि २०२५ मध्ये न्यायालयाने सुमारे २.८ कोटी देण्याचा निकाल दिला. मध्यंतरी वाहिनीच्या कंपनीनेही राज्याला दीड कोटी दिले होते. आणि जो पूर्ण अहवाल टाळला होता तो २०२० मध्ये न्यायालयाने करायला लावलाच. खतावणींनी वर दिलेल्या मध्यकाने हिशेब केला तर बंदोबस्ताच्या पैशात सत्तावीस अहवाल झाले असते.

खतावणी

मध्यकाने असा भागाकार करू नये, पण यावेळी मी डोळेझाक करतो.

प्लॅटकाठचा (धागाकर्ता)

मोठ्या आकड्यांचे निघालेच आहे तर सीमेपलीकडचा आकडाही घ्या. आल्बर्टा सरकारने मार्च २०२० मध्ये किस्टोन एक्सएलमध्ये दीड अब्ज कॅनेडियन डॉलरची गुंतवणूक केली आणि वर कर्जहमी दिली. जून २०२१ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला तेव्हा त्या सरकारचे सुमारे १.३ अब्जांचे नुकसान झाले. परवाना न्यायालयात आणि निवडणुकीत लोंबकळत असताना हा पैसा घातला गेला. आमच्या विधिमंडळात २० लाखांवर दिवसचे दिवस चर्चा झाली होती, हे आठवून मला थोडे हसू आले.

मुळशीचा_वारा यांनी विचारले होते की निर्णय निवडणुकीनेच होणार असेल तर अभ्यास कशाला? याचे माझे उत्तर सँडहिल्स हे आहे. परवान्याचा निर्णय राजकीय झाला, हे खरे. पण मार्ग वळला तो निवडणुकीने नव्हे. लोकांनी पहिल्या अहवालातले नकाशे उघडून पाहिले आणि त्यात आपली कुरणे ओळखली म्हणून तो वळला. नकाशा छापला गेला नसता तर भांडायला हातात काही नसते.

राजापूरची_माहेरवाशीण

एक विचारू का? राज्याचा खर्च झाला, कंपनीचा झाला, संघ सरकारचा झाला. ज्यांच्या जमिनी होत्या त्यांचा खर्च कोणी दिला?

प्लॅटकाठचा (धागाकर्ता)

कोणी नाही. कंपनीने २०१५ मध्ये भूसंपादनाचे अर्ज मागे घेतले, तेव्हा जमीनमालकांनी वकिलांचा खर्च मागितला, आणि २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला.

१८ एप्रिल २०१३ रोजी ग्रँड आयलंडमध्ये परराष्ट्र विभागाची सुनावणी होती, तिला मी गेलो होतो. एप्रिलचा मध्य असूनही बाहेर बर्फ पडत होता. सभागृहात विरोधक आणि कामगार संघटनांची माणसे आपापल्या रंगांचे सदरे घालून बसली होती, पुढे मेजावर विभागाचे अधिकारी होते, आणि एकेकाला काही मिनिटे मिळत होती. माझ्या शेजारी उत्तरेकडून आलेला एक पशुपालक होता. एप्रिल म्हणजे गायी विण्याचे दिवस, आणि अशा थंडीत जन्मलेले वासरू लगेच पुसून कोरडे केले नाही तर दगावते. त्याने त्या रात्रीसाठी शेजाऱ्याच्या मुलाला पैसे देऊन गोठ्यावर बसवले होते आणि दर अर्ध्या तासाने तो भ्रमणध्वनी पाहत होता. त्याचा क्रमांक लागला दुपार उलटून गेल्यावर. तो आपल्या विहिरींबद्दल बोलला, वेळ संपल्याची खूण झाली तेव्हा वाक्य अर्धे होते, ते त्याने तसेच सोडले आणि टोपी उचलून थेट गाडीकडे गेला.